लघवीच्या रकान्यातली टिक

नाशिक, २४ सप्टेंबर २०२४, मंगळवार

डॉक्टर रिझवान,

नमस्कार लिहिते, सप्रेम लिहिणार नाही. तुम्हालाही ते खोटं वाटेल आणि मलाही.

तुमच्या मोबाइलवर माझा नंबर ब्लॉक आहे, हे आज सकाळी अकरा वेळा लावल्यावर कळलं. वॉर्डच्या फोनवरून लावला तर तोही लागेना. दीड वर्षापूर्वी आमचं हॉस्पिटल सोडून मालेगावला गेलात ते अख्ख्या नाशिकचं तोंड बघायचं नाही असं ठरवूनच गेलात की काय? ठीक आहे. कागदाला ब्लॉक करता येत नाही. फार तर फाडता येतो, आणि फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच.

माझी मावशी साळूबाई आपल्या महिला फिवर वॉर्डात दहा नंबरच्या खाटेवर आहे. तुम्ही तिला ओळखत नाही. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, तेव्हापासून हिनं मला वाढवलं. पेठच्या वरच्या पाड्यावर राहते, भात आणि नागली करते. मी नर्सिंगला निघाले तेव्हा सगळा पाडा तिला म्हणाला, पोरगी हातची जाईल. ती म्हणाली, जाऊ दे, कुठंतरी कामाला तर येईल. मला आई म्हणून हाक मारायला ही एकच बाई आहे, तेव्हा पुढचं नीट वाचा.

गेल्या सोमवारपासून तिला ताप. गावाकडच्या कोणा डॉक्टरानं अंगदुखीवर दोन इंजेक्शनं टोचली. शुक्रवारी संध्याकाळी एकटी एसटीनं आली, पिशवीत माझ्यासाठी नागलीचं पीठ घेऊन. डेंग्यू निघाला, तोही साधा नाही. बीपी घसरलं, सलाईन लावलं, प्लेटलेट्स पडल्या. मग काय, सगळा वॉर्ड प्लेटलेट्सच्या मागे. सकाळी प्लेटलेट्स किती, संध्याकाळी प्लेटलेट्स किती, पपईच्या पानाचा रस देऊ का, किवी देऊ का. आम्ही तो एक आकडा जपासारखा घोकत होतो आणि तिकडे तिच्या किडन्या बसत चालल्या होत्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आज सकाळी तिचे पाय सुजले आणि धाप लागली. क्रिएटिनिन २.६ आलं. लघवीची नळी घातली तर पिशवीत चाळीस मिली, आणि ती कोऱ्या चहाच्या रंगाची.

आता चीड आणणारी गोष्ट ऐका. शुक्रवारी क्रिएटिनिन ०.८ होतं, रविवारी १.१. लॅबच्या कागदावर १.२ पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं. नॉर्मलच्या बाहेरचा आकडा ठळक छापून येतो आणि आपण सगळे ठळक तेवढंच वाचतो. १.१ बारीक अक्षरात आला, म्हणून कोणी थांबलं नाही. सोमवारी तर रक्तच काढलं नाही. आज मी तिची गेल्या वर्षीची मोतीबिंदूची फाईल शोधून काढली. त्यात क्रिएटिनिन ०.५ आहे. पस्तीस किलोची बाई, अंगावर मांस नाही, तिचं नॉर्मलच मुळात अर्धं. म्हणजे रविवारीच तिचा आकडा दुपटीवर गेला होता आणि कागद सांगत होता, सगळं ठीक आहे.

तुम्ही हेच ओरडून सांगायचात. आकडा कुठे आहे ते बघू नका, कुठून निघालाय ते बघा. आणि आयाबाईंना समजेल असं सांगायचात की किडनी दुखावली तर रक्त दोन दिवसांनी ओरडतं, लघवी पहिल्याच दिवशी कुजबुजते. तेव्हा आम्ही तुमची नक्कल करून हसायचो.

लघवीनं कुजबूज केलीही असेल, पण ऐकायला कोणी होतं कुठे? चार्टवर लघवीच्या रकान्यात शनिवार ते सोमवार, दिवसाच्या तीन पाळ्या, नऊ टिका आहेत. टिक म्हणजे झाली. किती झाली, एका ठिकाणीही लिहिलेलं नाही. सगळ्या टिका रिदा या नव्या नर्सच्या आणि तिच्याबरोबरच्या पोरींच्या. मी शनिवार-रविवार सुट्टीवर होते, नाहीतर हे झालं नसतं. आज मी रिदाला सगळ्यांसमोर झाडलं. ती रडली. रडू दे, रडून काही किडनीला मार लागत नाही.

तुमच्या जागी आलेला डॉ. सुनील भला मुलगा आहे, पण अजून नवखा आहे. किडनीचे मोठे डॉक्टर उद्या दुपारी येणार. तुम्ही या. मालेगाव काही साता समुद्रांपलीकडे नाही. राग माझ्यावर आहे तर माझ्यावर काढा, तिनं तुमचं काही बिघडवलेलं नाही.

चांगुणा भोये
इन्चार्ज सिस्टर, महिला फिवर वॉर्ड


नाशिक, २७ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टर,

तीन दिवस झाले. स्पीड पोस्टची पावती सांगते की पत्र बुधवारीच तुम्हाला पोचलं. तुम्ही आला नाहीत, फोन नाही, ओळ नाही. छान. पेशंटच्या नातेवाईकांना ताटकळत ठेवू नका, असं आम्हाला शिकवणारे तुम्हीच ना?

काल मावशीचं डायलिसिस केलं. मानेत नळी घातली. ती माझा हात धरून विचारत होती, "रगत भायेर काढून धुत्यात म्हनं. मंग परत माझंच घालतील ना गं? दुसऱ्याचं नको." मी म्हटलं, तुझंच. पंचवीस वर्षांची नोकरी झाली माझी, हजार पेशंटना मी ही मशीन समजावून सांगितली असेल, पण काल मला नीट सांगता आलं नाही. पोटॅशियम वाढलंय. मोठे डॉक्टर म्हणाले, किडनी परत सुरू होईलही, नाही झाली तर आठवड्यातून तीन वेळा मशीन. पेठच्या पाड्यावरून आठवड्यातून तीन वेळा नाशिक. पावसाळ्यात त्यांचा रस्ताच वाहून जातो. किडनी परत आली नाही तर ती जगणार नाही, एवढा साधा हिशेब आहे.

तुम्ही येत नाही, तर मग पहिल्या पत्रात जे लिहिलं नाही ते आता लिहिते. तुमच्यावर उपकार म्हणून नाही. छातीवर बसलंय म्हणून.

मंगळवारी मी रिदाला झाडलं, तेव्हा ती रडत रडत एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्हीच शिकवलं ना आम्हाला. टिक करा, आकडा नको, वेळ जातो." मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली, कारण ती खरं बोलत होती. तुम्ही येण्याआधीच्या एका डेंग्यूच्या साथीत चाळीस खाटांवर अठ्ठावन्न बायका होत्या आणि आम्ही दोघी. तेव्हा ही टिक मी काढली. आजची सोय म्हणून काढली आणि तीच वॉर्डची रीत झाली. नवीन आलेल्या प्रत्येक पोरीला मी पहिल्याच दिवशी सांगते, लघवीच्या रकान्यात टिक, संडासच्या रकान्यात टिक, पटापट करा.

मग तुम्ही आलात. स्वतः जाऊन बारा प्लास्टिकचे मापाचे जग आणलेत आणि सांगितलंत, तापाच्या प्रत्येक गंभीर पेशंटची लघवी दर सहा तासांनी मोजायची. किलोमागे तासाला अर्धा मिलीच्या खाली गेली की मला उठवा. महिनाभरात बारा जगांचे चार राहिले. एकात फिनेल कालवायचे, एक कँटीनमध्ये दूध मोजायला गेला, आणि बाकीचे कुठे गेले ते मला माहीत आहे पण मी तेव्हा माहीत नाही म्हणाले होते. तुम्ही आयाबाईंवर पेशंटच्या नातेवाईकांसमोर ओरडलात. म्हणालात, आकडा लिहिता येत नसेल तर इथे येता कशाला. त्या बाईला खरंच लिहिता येत नव्हतं, डॉक्टर. ती त्या दिवशी लिननच्या खोलीत बसून राहिली. हे तुमच्या हिशेबात लिहा. बरोबर असण्याचा तुम्हाला फार माज होता. माणूस बरोबर असला म्हणजे त्याला जीभ कशीही चालवायची मुभा मिळते, असं तुम्हाला वाटायचं.

पण ज्या तक्रार अर्जानंतर तुम्ही हॉस्पिटल सोडलंत, त्यातली ती ओळ माझी होती. अकरा सह्या होत्या, पहिली माझी, आणि मजकूरही माझाच, कारण वॉर्डात शुद्ध मराठी मलाच लिहिता येतं. 'महिला रुग्णांच्या लज्जेचा विचार न करता डॉक्टर त्यांच्या लघवीबाबत वारंवार व उघडपणे चौकशी करतात.' तुमचं नाव रिझवान नसतं तर ती ओळ एवढी लागली नसती. मला ते लिहितानाही कळत होतं. एकीनं ती वाचून 'बरोब्बर घातलंत मॅडम' म्हटलं, तेव्हाही कळलं. मी खोडली नाही.

आणि मी शनिवार-रविवार सुट्टीवर नव्हते. रविवारी सकाळी ड्यूटीवर होते. नऊ टिकांमधली चौथी माझी आहे. मी मावशीच्या खाटेशी उभी राहून विचारलं, लघवी झाली का गं? ती म्हणाली, झाली. मी टिक केली आणि तिला सफरचंद कापून दिलं.

काल डायलिसिसनंतर ती जरा शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तू खोटं का बोललीस, झाली म्हणून? तर तीच माझ्यावर चिडली.

"म्या कशाला खोटं बोलू? शनवारी पहाटं येवढीशी झाली व्हती. त्या पोरी इचारत, झाली का. म्या म्हनं, झाली. तू इचारलं, तुला बी सांगितलं झाली. कवा झाली, त्ये इचारलं का कोनी?"

तीन दिवस ती एकाच लघवीबद्दल खरं सांगत होती आणि आम्ही तिच्या नऊ टिका केल्या. पाणीही ती ओठ ओले करण्यापुरतंच प्यायची. कारण काय, तर संडास वॉर्डाच्या त्या टोकाला, आणि रिदाएवढ्या पोरीनं आपल्याखाली भांडं धरायचं याची तिला लाज वाटायची. मी अर्जात लज्जेवर एवढी सुंदर ओळ लिहिली. खरी लाज कुठे असते आणि ती काय करते, ते मला माझ्याच मावशीकडे बघून कळलं नाही.

लिहून झालं. आता हसा हवं तर.

चांगुणा


नाशिक, १ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टर,

मला आज कळलं.

डॉ. सुनील गच्चीच्या जिन्यात फोनवर बोलत होता. मी औषधांचा ट्रे घेऊन खाली येत होते. 'हो सर, काल सहाशे. नाही सर, फ्युरोसेमाइड नाही दिलं. हो सर, वजन रोज करतोय.' त्याला वाटलं मी गेले. मी तिथेच उभी राहिले आणि त्यानं फोन ठेवल्यावर विचारलं, कोण सर? पोरगं खोटं बोलण्यात अगदीच कच्चं आहे. गेल्या बुधवारपासून तुम्ही त्याला रोज सकाळी आठला फोन करता. सलाईन किती, बीपी किती, वजन किती, कोणतं औषध बंद करायचं, सगळं तुमच्या सांगण्यावरून चाललंय. दुसरं डायलिसिस शनिवारी करायचं आणि मग घाई न करता थांबायचं, हेही मोठ्या डॉक्टरांशी तुम्हीच बोललात म्हणे.

आणि मला काय, तर 'सिस्टरना सांगा, पत्रं मिळाली.' लाइटबिल मिळालं असं सांगतात तसं. डॉक्टर, मी त्या पत्रात माझं कातडं सोलून ठेवलं होतं. एक शिवी दिली असतीत तरी चाललं असतं. तुम्ही आमच्या वॉर्डात रोज येता आणि माझ्या डोक्यावरून जाता. मी काय, तिथली खुर्ची आहे?

राग लिहून झाला, आता बातमी लिहिते. शनिवारी चोवीस तासांत नव्वद मिली. रविवारी दोनशे वीस. सोमवारी सहाशे. आज अकराशे. रंग पिवळा. क्रिएटिनिन उतरणीला लागलंय, शनिवारनंतर डायलिसिस न करता. आज सकाळी मी तो जग उजेडात धरून बघत उभी होते तर रिदा मला म्हणाली, "मॅडम, तीर्थ असल्यासारखं बघताय." मी तिला हसले, तिच्यावर चिडल्यापासून पहिल्यांदा. मग तिची माफी मागितली. तेही सगळ्यांसमोरच मागितली, कारण झाडलं होतं सगळ्यांसमोर.

आता दहा नंबरच्या खाटेला माप कसं चाललंय ते सांगते, म्हणजे तुमच्या जिवाला गारवा मिळेल. चारातले दोन जग मी घासून तिच्या खाटेखाली ठेवलेत. दर तासाला आकडा. पाळी बदलताना एक पोरगी दुसरीला आकडा तोंडी सांगते आणि चार्टवर दोघींची सही. इन्चार्जची मावशी आहे म्हटल्यावर सगळ्यांचे हात कसे चालायला लागले बघा. मावशीची लाजही गेली. आता ती स्वतःच ओरडते, "अगं, मोजा माझं, भरलं." आसपासच्या बायका हसतात.

सुनील म्हणतो, तुम्ही काल शेवटी विचारलंत, 'आणि बाकीच्या पेशंटचं काय? त्यांची मोजताय का?' त्यानं तेच मला विचारलं. टोमणा कळतो मला. दीड वर्ष दाबून ठेवला होतात, माझ्या मावशीची लघवी येईपर्यंत थांबलात आणि मग मारलात. मी सुनीलला सांगितलं, तुमच्या सरांना म्हणावं, दोन जणींवर बत्तीस पेशंट आहेत, गुरुवारी घटस्थापना आहे, निम्म्या पोरींनी कालिकेच्या यात्रेसाठी आणि देवीच्या गडावर जायला सुट्ट्या टाकल्यात. आधी माझं माणूस उठू दे. बाकीचं मग बघू.

तरीही, मावशी वाचतेय ती तुमच्यामुळे. हे मला तोंडानं कधीच म्हणता आलं नसतं, म्हणून लिहिते. ब्लॉक काढा आता. फार झालं.

चांगुणा


नाशिक, ५ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टर,

तो टोमणा नव्हता. मला आता कळलंय, आणि सुनीलकडून तुम्हालाही सगळं कळलं असेल. पण तो तुम्हाला आकडे सांगेल. झालं काय ते मीच सांगायला हवं.

मावशीच्या समोरच्या अकरा नंबरला तेजस्विनी नावाची मुलगी रविवारी दाखल झाली. चोवीस वर्षांची. अंबडच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर कामाला. डेंग्यूच. मंगळवारी मी तुम्हाला ते ऐटीत पत्र लिहिलं तेव्हा ती समोरच होती, आणि त्या पत्रात मी तिचा उल्लेखही केला नाही. तिच्याजवळ तिची आई, कमळाबाई. सिन्नरकडची बाई, बोलायला मोकळी. आल्या दिवसापासून तिनं मावशीला आपल्या डब्यातलं द्यायला सुरुवात केली. पथ्य विचारून द्यायची. मीठ नाही घातलं हो, म्हणायची.

तेजस्विनीचं क्रिएटिनिन सोमवारी ०.९, बुधवारी १.२. ठळक नाही. बुधवारचा तो कागद मी स्वतः फाईलला लावला. आठच दिवसांपूर्वी मी तुम्हाला आकड्याच्या चढणीवरून शहाणपण लिहिलं होतं. त्याच हातानं तो कागद लावला आणि पुढे गेले, कारण माझं लक्ष समोरच्या खाटेखालच्या जगाकडे होतं. तिच्या चार्टवर लघवीच्या रकान्यात टिका. मावशीच्या चार्टवर तासातासाचे आकडे आणि दोन दोन सह्या. दोन खाटांमध्ये चार फूट जागा आहे. ती मी आज पट्टीनं मोजली.

बुधवारी दुपारी मी मावशीचा जग रिकामा करून आणत होते. कमळाबाईनं मला थांबवलं.

"सिस्टर, आमच्या तेजूची बी मोजता का? कालपासनं फार जात नाय ती."

मी काय म्हणाले ते तसंच लिहिते. "तिला गरज नाही हो. तरुण आहे. पाणी पाजा, होईल."

कमळाबाई बरं म्हणाली. इन्चार्ज सिस्टर म्हणतेय म्हटल्यावर ती दुसरं काय म्हणणार? पोरीला दर पंधरा मिनिटांनी पाणी पाजत बसली. जे पाणी बाहेर येत नव्हतं ते ती माझ्या सांगण्यावरून आत घालत राहिली. गुरुवारी घटस्थापना, वॉर्डात दोन नर्सेस, रक्त काढायचं राहून गेलं. शुक्रवारी सकाळी तेजस्विनीला श्वास घेता येईना, फुप्फुसात पाणी. क्रिएटिनिन ३.४. यावेळी आकडा ठळक आला. तिला आयसीयूत हलवलं, तोंडात नळी, व्हेंटिलेटर, संध्याकाळी डायलिसिस. आज सकाळपर्यंत चोवीस तासांत तीस मिली. मोठे डॉक्टर काही बोलत नाहीत. माझ्या मावशीच्या वेळी निदान 'होईलही' म्हणाले होते.

मी तुमच्यावर दोन आठवडे रागावले, रिदावर रागावले, छापील कागदावर, लॅबवर, गावच्या डॉक्टरवर. राग म्हणजे मला काम केल्यासारखं वाटत होतं. बारा जग मागवायला अर्धा तास लागला असता. मंगळवारी तुमचा निरोप आला तेव्हा मागवले असते तरी बुधवारी तिच्या खाटेखाली एक असता. मी ते केलं नाही, कारण सांगणारे तुम्ही होतात.

आज मॅनेजमेंटला लेखी दिलं. टिक करायची पद्धत माझ्या तोंडी आदेशानं सुरू झाली, पोरींचा यात दोष नाही. तुमच्याविरुद्धच्या अर्जातली लज्जेची ओळ मी लिहिली, ती खोटी आणि मुद्दाम लिहिलेली होती. तेजस्विनीच्या आईनं लघवी कमी असल्याचं मला बुधवारी सांगितलं होतं आणि मी दुर्लक्ष केलं, हेही तारीख-वेळ घालून लिहिलं. साहेब म्हणाले, सिस्टर, शेवटचा मुद्दा काढून टाका, गरज नाही. मी म्हटलं, तोच मुद्दा आहे. त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणून त्याची एक प्रत या पत्राला जोडली आहे, तुमच्याकडे असू द्या. ड्रॉवरमधला हरवू शकतो. इन्चार्जपद जाईल म्हणतात. ते गेलं तरी उद्यापासून सगळ्या खाटांना माप आहे. आज जग आले, आणि लिहिता न येणाऱ्या आयाबाईंसाठी मी जगाच्या अंगावर लाल रंगाची रेघ मारलीय. रेघेच्या खाली राहिली तर हाक मारायची, लिहायचं कोणीतरी दुसरं. ही साधी गोष्ट तुम्हालाही सुचली नव्हती, आणि तुमच्यावर चिडण्याच्या नादात मलाही नाही.

मग दुपारी मी आयसीयूच्या बाहेर गेले. कमळाबाई बाकड्यावर बसली होती, डबा तसाच मांडीवर. मी तिच्यापुढे उभी राहिले. साहेबांनी बोलू नका म्हणून बजावलं होतं. मी सगळं सांगितलं. म्हटलं, तुमची मुलगी लघवीला जात नाही हे तुम्ही मला सांगितलंत, तेव्हाच मोजायला हवी होती. मोजायला जग होता. तो मी माझ्या मावशीसाठी ठेवला होता. तुमच्या मुलीचं वेळेत कळलं असतं.

मला वाटलं, ती अंगावर येईल. मला ते हवंही होतं. हॉस्पिटलमध्ये नातेवाईक आमच्या अंगावर येतात तेव्हा आम्ही सिक्युरिटीला बोलावतो. आज मी सिक्युरिटीला लांब पाठवून दिलं होतं.

कमळाबाईनं मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. माझ्या बोलण्यातलं तिला नेमकं किती कळलं ते मला समजेना. मग तिनं विचारलं, "तुमची मावशी कशी हाय आता? चालाय-फिराय लागली का?"

टोमणा नव्हता, डॉक्टर. आता मला टोमणा आणि प्रश्न यातला फरक कळतो. ती खरंच विचारत होती.

मावशीला आज सकाळीच सुट्टी मिळाली. पिशवी भरून ती खाली गेटपाशी एसटीला जायला उभी होती, कमळाबाईला भेटून जाते म्हणून माझ्यामागे लागली होती. मी तिला वर येऊ दिलं नाही. आणि कमळाबाईला मी उत्तर दिलं, अजून अशक्त आहे हो.

चांगुणा भोये